खुशालरावांची जमीन

वरुड तालुक्यात माणसाला वय विचारा, दुखणं विचारा, मुलगा बापाशी बोलतो की नाही तेही विचारा; पण तुमची जमीन हलकी आहे का, हे चुकूनही विचारू नका. सोयरिकीला आलेले पाहुणे चहाची बशी खाली ठेवायच्या आत जमीन कशी आहे ते विचारतात आणि उत्तर ठरलेलं असतं: काळी, भारी. दीड फुटावर मुरूम लागत असला तरी भारीच. मंजुषा याच तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बगीच्यात वाढलेली; तिला हे कळू नये, याला काय म्हणावं? पण लग्नानंतर ती अकोल्याला गेली, तिथल्या एका खासगी कॉलेजात दहा वर्षं संगणक शिकवत राहिली, आणि त्यात ओपन सोर्सच्या पंथाला लागली.

पंथच तो. प्रोग्रॅम लिहावा आणि त्याचा कोड चव्हाट्यावर ठेवावा. ज्याला हवा त्यानं वाचावा, उचलावा, बदलावा, फुकट वापरावा, अशी या लोकांची शिकवण. मंजुषाची भक्ती त्याहून कडक. तिच्या मते कोडच काय, लोकांनी भरलेली माहितीसुद्धा नावागावासकट उघडी हवी. चारचौघांत नाव घालून लिहिलेलं खोटं टिकत नाही, कोणीतरी हटकतंच, असं ती वर्गात पोरांना छातीठोकपणे सांगायची.

तिनं केलेला प्रोग्रॅम होता संत्र्याच्या ताणाचा. आंबिया बहारासाठी, म्हणजे फेब्रुवारीतल्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात झाडांचं पाणी तोडतात; हाच ताण. पानं मलूल होऊ देतात, आणि मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. किती दिवस पाणी तोडायचं यातच सगळी मेख. कमी दिवस तोडलं तर फूल धरत नाही, जास्त झालं तर झाड वाळून जातं. भारी जमीन ओल धरून ठेवते म्हणून तिथे ताण लांबतो; हलकी जमीन लवकर कोरडी पडते. मोबाइलवर जमीन कशी ते निवडायचं, गाव लिहायचं, की दिवसांचा आकडा समोर येणार. सोपं काम.

या आकड्याचा आधार होता तिच्या वडिलांची वही. खुशालरावांनी चार वर्षं लेकीच्या सांगण्यावरून नोंदी ठेवल्या होत्या: जमीन भारी, ताण पन्नास दिवस, मध्ये पाण्याचा थेंब नाही, बहार भरपूर. बहार खरोखरच भरपूर यायचा, तो तिनं डोळ्यांनी पाहिला होता. भारी जमिनीला पन्नास धरून तिनं मध्यम आणि हलक्या जमिनीचे आकडे त्याच्या प्रमाणात कमी केले. एका बगीच्यावरून शास्त्र होत नाही, हे ती स्वतः विद्यार्थ्यांना शिकवायची. पण बगीचा बापाचा होता. पहिल्याच पानावर तिनं लिहिलं, ‘मूळ नोंदी: खुशालराव, शेंदूरजनाघाट’. स्वतःचं नाव मुद्दाम टाकलं नाही. आणि लायसनमध्ये अट घातली, की प्रोग्रॅम कोणीही उचलावा, बदलावा, मात्र हे नाव काढू नये.

वरुडात खतं-औषधांचं दुकान चालवणाऱ्या देवानंदचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता, हजारभर संत्रा बागायतदारांचा. त्यानं प्रोग्रॅम तिथे टाकला, वर ‘आपल्या तालुक्याची लेक’ असं लिहून हात जोडले. दोनशे बारा जणांनी माहिती भरली. प्रत्येकाचं नाव, गाव, जमीन, दिवस, सगळी यादी कोणालाही पाहता येत होती. मंजुषा ती रोज उघडून बघायची आणि खूश व्हायची.

जानेवारी सरला, लोकांनी पाणी सोडलं, आणि फेब्रुवारीत ग्रुप पेटला. फुलांऐवजी वाळलेल्या फांद्यांचे फोटो येऊ लागले. कोणी लिहिलं, अकोल्यात पंख्याखाली बसून बगीचे मारून राहिली. कोणी तिच्या सासरचा पत्ता मागितला. हात जोडणारा देवानंद म्हणाला की त्याला पहिल्यापासूनच शंका होती. मंजुषानं यादी उघडली आणि कपाळावर हात मारला. दोनशे बारापैकी दोनशे अकरा जणांनी ‘भारी’ निवडलं होतं. पाहुणे, जावई, शेजारी सगळे ती यादी बघणार. तिथे हलकी कोण लिहील?

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्याच. तिनं लांबलचक लेख लिहिला. खोटं तुम्ही भरलंत, प्रोग्रॅमला दोष देऊ नका, विज्ञान तुमच्या अब्रूची भीड धरत नाही, असं बरंच काही. पुण्या-बंगळुरातल्या तिच्या पंथातल्या लोकांनी तो लेख डोक्यावर घेतला. शेतकऱ्यांच्या अडाणीपणावर विनोद झाले, त्यात कधी झाडाला पाणी न घातलेले लोक पुढे होते. मंजुषाला ते आवडलं. आवडलं हे खरंच, त्यात लपवायचं काय?

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून आवाजी निरोप आला. बाई थांबून थांबून बोलत होती.

“मंजूबाई, म्या केशरबाई, तिवश्याकडची. म्या तं हलकीच लिहिलं होतं. तुमच्या मोबाइलनं अडतीस दिवस सांगतले, म्या अडतीस दिवस थांबली. दीडशे झाडातले शंभर वाळले. माहं काय चुकलं, तेवढं सांगा.”

यादीतली दोनशे बारावी ती हीच. मंजुषानं निरोप तीनदा ऐकला. मग सगळं गणित पहिल्यापासून तपासलं. बेरीज बरोबर, गुणाकार बरोबर, हवामानाचे आकडे बरोबर. सगळं बरोबर असून खरं बोलणारीचीही झाडं वाळली होती. मग तपासायचा राहिला एकच आकडा, आणि तो वडिलांच्या वहीतला होता. त्याच्यावर शंका घ्यायचं तिच्या जिवावर आलं, पण तिनं रविवारी सकाळची अमरावतीची एसटी धरली, पुढे वरुडची, आणि दुपारी गाव गाठलं.

घरात पाणी पिऊन ती खणायला टिकास घेऊन थेट बगीच्यात गेली. खुशालराव मागे मागे, मुळीले लागू देऊ नको म्हणत. वर काळी माती होती, मऊ, छान. दीड फुटावर टिकास ठणकन वाजली. तिनं हातानं माती बाजूला सारली तर खाली पिवळट मुरूम.

“बाबा, या जमिनीत पन्नास दिवस झाड जगत नाई,” ती म्हणाली.

खुशालरावांनी खड्ड्यात पाहिलं, मग झाडांकडे पाहिलं. “पंचविसाव्या दिवशी पाणी देतो म्या,” ते म्हणाले. “दरसाली.”

“मंग वहीत काहून नाई लिहिलं?”

“तू थे वही साऱ्याइले दाखवणार होती. तुह्या लग्नात तुह्या सासऱ्याले भारी म्हणून सांगतली होती जमीन. आता माह्याच पोरीच्या मोबाइलात, वर माहं नाव, अन् खाली हलकी कशी लिहू?”

त्यांना वाटलं होतं, पोरीचा कसलासा अभ्यास आहे, वहीत दोन ओळी इकडच्या तिकडे झाल्या तर कोणाचं काय जातं. कोणाचं काय गेलं ते मंजुषानं त्यांना केशरबाईचा निरोप लावून ऐकवलं. ऐकून ते बांधावर बसले. तिला बापाचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त. वाढली ती याच बगीच्यात, आणि एक खड्डा खणायला तिला एवढी वर्षं लागली होती.

त्याच दिवशी तिनं आकडे दुरुस्त केले. ग्रुपवर लिहिलं की मूळ नोंद चुकीची होती, ती न तपासणं ही माझी चूक, सर्वांची माफी मागते, जुने आकडे वापरू नका. ती बापानं जाणूनबुजून खोटी लिहिली, हे सांगितलं नाही. सगळं उघड्यावर मांडा म्हणणाऱ्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झाकलं. ग्रुपनं तिला फाडून खाल्लं, आणि त्यांचंही काय चुकलं? परवा आम्हाला लबाड म्हणत होती, आज चूक माझी म्हणते, उद्या काय म्हणेल?

ते सगळं खुशालराव वाचत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कोणाला न विचारता मोबाइल तोंडाजवळ धरला आणि ग्रुपवर बोलले.

“म्या खुशालराव, शेंदूरजनाघाटचा. माही जमीन हलकी हाय. दीड फुटावर मुरूम हाय. ताण म्या पंचवीसच दिवस देतो. वहीत खोटं म्या लिहिलं, पोरीनं नाई.”

सत्तर वर्षांत जे वाक्य त्यांनी बायकोजवळसुद्धा उच्चारलं नव्हतं, ते हजार माणसांसमोर बोलून ते हात धुवायला गेले. परत येऊन पाहिलं तर ग्रुप हसत होता. खुशालरावची जमीन हलकी? आमी सोता पाह्यला हाय तो बगीचा. पोरीनं बापाच्या तोंडून वदवून घेतलं. म्हातारपण हाय, डोकं ठिकाणावर नसन. ग्रुपवर आजवर इतकं खोटं खपलं, पण एक खरं बोलणं कोणाला पटेना. दहा मिनिटांत देवानंदनं तो निरोप पुसला, घरगुती भांडणं इथे आणू नयेत असं लिहिलं आणि बापलेकीला ग्रुपमधून काढून टाकलं.

मंजुषानं केशरबाईला फोन करून सगळं खरं सांगितलं. केशरबाईनं ऐकून घेतलं, शिवी दिली नाही. वाळलेली झाडं तोडायला माणसं लावली आहेत म्हणाली. फोन ठेवताना तिनं विचारलं, “साऱ्याइत म्या एकटीनंच खरं लिहिलं होतं नं बाई? पुढच्या खेपी म्याही भारीच लिहीन.”

पावसाळा गेला. दिवाळीच्या सुमारास देवानंदच्या दुकानाचं नवं अ‍ॅप आलं, ‘सुधारित’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मंजुषानं उघडून पाहिलं. रंग नवा, दुकानातल्या औषधांच्या जाहिराती नव्या, आत कोड सगळा तिचाच, आणि तोही जुना, पन्नास दिवसांचा. तिनं फोन केला. देवानंद अगदी अदबीनं बोलला. ताई, उचला म्हणून तुम्हीच लिहिलं होतं, म्या उचललं. लोकाइची झाडं तुमच्या पोग्रामानं वाळली, हा सुधारित हाय. आकडा बदला म्हटलं तर म्हणाला, आकडा कसा बदलू, खुशालरावचा बगीचा पाहूनच तं लोक डाउनलोड करतात.

“मंग निदान बाबांचं नाव काढा तिथून.”

“नाव कसं काढू, ताई? तुमच्याच लायसनमध्ये लिहिलं हाय, नाव काढता येत नाई. म्या पूर्ण वाचलं ते.”

तिच्या इतक्या वर्षांच्या पंथात लायसन शेवटपर्यंत वाचणारा हा पहिला माणूस निघाला. वाचून त्यानं ते तंतोतंत पाळलंही.

डिसेंबर उजाडला. अ‍ॅपचा निरोप खुशालरावांच्याही मोबाइलवर आला: ‘प्रगतिशील बागायतदार खुशालराव यांच्या भारी जमिनीतील अनुभवानुसार, आजपासून पन्नास दिवस पाणी बंद.’ जीप करून लांबलांबचे लोक त्यांचा बगीचा पाहायला येऊ लागले. खुशालराव प्रत्येकाला त्या खड्ड्याजवळ नेत, मुरूम हातात घेऊन दाखवत, पंचवीस दिवसांचं सांगत. लोक मान डोलवत, बाहेर जाऊन एकमेकांना म्हणत, मोठा माणूस आहे, खरं गुपित थोडंच सांगेल. एकानं तर खड्ड्यासोबत फोटो काढून घेतला.

पंचविसाव्या दिवशी मंजुषा गावी होती. खुशालरावांनी भर दुपारी, रस्त्यावरून दिसेल असं, मोटर सुरू केली. आजवर हे काम ते फाटक लावून करत. आज फाटक सताड उघडं ठेवून ते रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्यानं पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. ठिबकच्या नळ्यांतून पाणी मुळाशी पडत होतं आणि माती काळी होत चालली होती. तासाभरात दोन मोटरसायकली गेल्या, थांबलं कोणी नाही.

मग शेजारच्या बगीच्यातला सूर्यभान आला. तोही अ‍ॅप पाहून ताण देत होता, त्याचे अजून पंचवीस दिवस बाकी होते. त्यानं पाणी पाहिलं आणि तो घाबराच झाला.

“खुशालराव, मोटर चालू राहून गेली वाटते तुमची,” तो म्हणाला.

“राहून नाई गेली. म्या लावली. पाह्य ना, पाणी देऊन राहिलो.”

सूर्यभाननं त्यांच्याकडे पाहिलं, मग मंजुषाकडे पाहिलं, आणि या वयातलं विसरणं मनावर घेऊ नये अशा समजूतदार आवाजात म्हणाला की होते असं, बसा तुम्ही. आणि शेजारधर्म म्हणून स्वतःच आत जाऊन त्यानं मोटर बंद केली.