स्किपमधून निघालेला हिरवा कोट

मित्रांनो, मी एक जुना लोकरी कोट आहे. १९८६ साली ब्रिस्टलमध्ये एका युद्धपटाच्या नायकासाठी मला शिवलं. अगदी माझ्यासारखेच आणखी दोघे होते. एक चिखलात लोळायला, दुसरा पावसात भिजायला. मी मात्र कॅमेरा जवळ आला की अंगावर चढायचो. माझ्या गडद हिरव्या रंगाचं सगळे कौतुक करत.

शूटिंग संपलं आणि आम्हा तिघांना कचऱ्याच्या लोखंडी स्किपमध्ये फेकलं. वरून तुटक्या फळ्या पडल्या, ओला रंग सांडला. तेवढ्यात वेशभूषा विभागातली रश्मी काठावर चढली आणि बाहीला धरून तिने मला ओढून काढलं. माझे भाऊ खाली दबले होते. तिथवर तिचा हात पोचला नाही.

घरी तिची आई, सुलक्षणाबाई, मला बघून दारातच थबकल्या. नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीपायी त्या पुण्याहून इथे आलेल्या.

"अगं, कुणाचं टाकलेलं उचलून आणलंस? डॉक्टरांची मुलगी ना तू?"

"आई, ही कोट फक्त वन फिल्म वापरली! इट्स सच अ वेस्ट."

"ही नाही गं, तो कोट," असं पुटपुटत त्यांनी मला मागच्या बागेत वाळत घातलं आणि संध्याकाळी माझं उसवलेलं अस्तर शिवून टाकलं.

मग मी खूप हिंडलो. बटणं बदलली की मी स्टेशनमास्तर, कॉलर बदलली की पाद्री. नवा कोट शिवायची गोष्ट निघाली की रश्मी मला पुढे करायची आणि काम संपलं की आठवणीने घरी न्यायची.

वर्षं गेली, माझी कोपरं विरली. १९९४ च्या हिवाळ्यात एडिनबरामध्ये एका अनाथ मुलीच्या चित्रपटाचं काम निघालं. तिच्यासाठी आणलेला नवा कोट फारच कोरा दिसत होता. कुणी म्हणालं, घासा, फाडा, नंतर टाकून देऊ. रश्मी म्हणाली, "माझ्याकडे खराखुरा जुना आहे."

ब्रिस्टलला घरी आल्यावर तिने मला टेबलावर पसरलं, पण कात्री काही चालेना. "आई, आय कान्ट."

सुलक्षणाबाईंनी माझ्यावर तळहात ठेवला. "कोपरं विरली, मोठ्या माणसाला हा आता चालायचा नाही. कपाटात ठेवलास तर कसर लागेल. लहान होऊ दे त्याला."

कात्री त्यांनीच घेतली. मित्रांनो, मी फार घाबरलो होतो. पण त्या इतक्या हळुवारपणे कापत होत्या, जणू झोपलेल्या बाळाची नखं काढताहेत.

त्या अनाथ मुलीचं काम करणारी छोटी कर्स्टी मला घालून बर्फात धावली, पडली, रडली. शेवटच्या दिवशी एकजण कचऱ्याची काळी पिशवी उघडून उभा राहिला. "कॉस्च्यूम्स इन हिअर, प्लीज." कर्स्टीने मला दोन्ही हातांनी आवळून धरलं.

रश्मी गुडघ्यांवर बसली, माझं वरचं बटण लावलं आणि त्याला म्हणाली, "नो. शी इज वेअरिंग इट होम."

मुलांनो, एखादा कपडा टाकण्याआधी त्याच्या खिशात एकदा हात घालून बघा. ऊब असेल तर त्याचं आयुष्य अजून बाकी आहे.

बाहेर बर्फ पडत होता. कर्स्टीचे हात गारठले होते. घर येईपर्यंत मी ते गरम केले.