पंचावन्न मिनिटांच्या वाटेला नऊ दिवस

मी एक निळा आइसबॉक्स बोलतोय. चहूकडे बर्फ असलेल्या मुलखात माझं काय काम, असं तुमच्या मनात आलंच असेल. आमच्या धावपट्टीवरची शेड तापवलेली असते, आणि विमान कधी येईल ते कुणीच सांगू शकत नाही. म्हणून मी.

दक्षिणेतल्या एका कारखान्यात जन्मलो, उन्हाळी जहाजातून इथे आलो. पिउजुकच्या आईने मला दुकानातून घरी आणलं. मासे नेले, मांस नेलं, एकदा तर कुत्र्याची दोन पिल्लंही नेली.

पिउजुक अकरा वर्षं दूरच्या शहरात शिकून परतली आणि बाविसाव्या वर्षी तिने समुद्रातला आपला पहिला सील प्राणी मारला. आमच्यात पहिली शिकार स्वतः खायची नसते. जन्मताना जिने आपल्याला हातात झेललं, तिला ती पाठवायची. तिने स्वीकारली, तरच आपण शिकारी. पिउजुकला झेलणारी इनुकीआजी आता उत्तरेच्या वस्तीत राहते. तीनशे दहा किलोमीटर, विमानाने पंचावन्न मिनिटं, असं शेडच्या भिंतीवर ठळक छापलंय.

पिउजुकने मांस माझ्यात भरलं, झाकणावर शिकारीची तारीख लिहिली आणि म्हणाली, "संध्याकाळी आजीच्या ताटात!"

तिचा काका मकपा हसला. "भिंतीवर विश्वास ठेवतेस? शहरात हेच शिकलीस वाटतं! कुत्र्यांच्या स्लेजगाडीने तीन मुक्काम, एवढंच मला माहीत."

चार दिवस धुकं होतं. पाचव्या दिवशी विमान आलं ते खच्चून भरलेलं. सातव्या दिवशी मी चढलो, पण वाऱ्यामुळे उत्तरेच्या वस्तीत उतरताच येईना. आजीच्या छपरावरून घरघरत गेलो आणि भलत्याच गावी उतरून पडून राहिलो. नवव्या दिवशी पोचलो.

आजीने तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि फोन लावून मोठ्या आवाजावर ठेवला.

"पोरी, पंचावन्न मिनिटांच्या वाटेला नऊ दिवस? मांस वाटेत बदललं कुणी? की मारला काकाने आणि नाव तुझं?"

"आजी, धुकं होतं..."

"धुकं माझ्या ओळखीचं आहे. तू नाहीस. अकरा वर्षांत दोनदा भेटलीस."

पलीकडून पिउजुक तडकून म्हणाली, "मीच मारलाय. पटत नसेल तर कुत्र्यांना घाल."

मला सगळं ठाऊक होतं. पण माझं झाकण बोलण्यासाठी उघडत नाही.

आजीने मांस बाहेर काढलं, हुंगलं, खिडकीशी नेऊन बरगडीवरून बोट फिरवलं. आणि खदखदून हसली.

"अगं, हे कापलंय की कुरतडलंय? मकपाने असं कापलं असतं तर बायकोने त्याला बर्फात झोपवलं असतं. आणि मांस बदलणाऱ्याने तरी याहून बरं कापलेलं आणलं असतं!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझंच. इतकं वाईट दुसऱ्या कुणाला जमणार नाही. ये एकदा इकडे, सुरी धरायला शिकवते, माझ्या शिकारणी."

त्या दुपारी शेजारच्या साऱ्या बाया जेवल्या.

आता माझ्या पोटात आजीने शिवलेले कातडी हातमोजे आहेत, पिउजुकसाठी. विमानाची वाट बघण्याचा आज सहावा दिवस. आजी रोज झाकण उघडून हातमोजे आहेत ना ते बघते, जणू मीच ते लांबवणार आहे. माणसांनो, उशिरा आलेल्यावर संशय घ्या हवा तर, पण आधी उघडून नीट बघा. आवाज नंतर चढवा.

बाहेर इंजिन घरघरतंय. आजी म्हणते, वारा असेल.