दुसऱ्या पाण्याची कॉफी

मी एक जुना पितळी फिल्टर आहे, मित्रांनो. दोन भांडी एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दांडीची एक चकती आणि वर झाकण, एवढाच माझा संसार. कुंभकोणमच्या कासाराने मला ठोकून घडवलं. तिथून मला फौजेतल्या एका हवालदाराने विकत घेतलं आणि थेट नंदुरबारजवळच्या, तापीकाठच्या त्याच्या गावी आणलं. त्याचं नाव जालमसिंग. गावात सगळे चहा पिणारे. मला बघायला आळीतल्या बायका जमल्या आणि एक म्हणाली, "हाई काय काळं पानी शे?" अपमान मी मुकाट्याने गिळला. भोकं पडलेल्या भांड्याने दुसरं काय करायचं?

जालमसिंग निवृत्त होऊन आला तेव्हापासून सकाळची कॉफी त्याच्याकडे. त्याची बायको अनुसयाबाई त्या वेळी म्हशीची धार काढायला गोठ्यात असायची. तो दोन चमचे पावडर माझ्यात टाकायचा, चकती नुसती टेकवायचा आणि उकळतं पाणी हळूहळू ओतायचा. मग मी थेंब थेंब गळायचो. त्याला घाई नसायची.

पहिल्यांदा कॉफी प्याली त्या दिवशी अनुसयाबाईने मिरची कुटली होती. डोकं ठणकत होतं. पेला संपवून ती म्हणाली, "डोकं मोकयं व्हयनं!" जालमसिंग इतका खुलला, जणू त्याला पदकच मिळालं.

आता ऐका, कारण पुढचं या घरात त्याच्याशिवाय फक्त मला माहीत होतं. पावडर आमच्याकडे सहज मिळत नसे. दोघांची कडक कॉफी केली तर पुडा पंधरा दिवसांत संपायचा. म्हणून तो पहिला दाट उतारा पुरता बायकोच्या पेल्यात ओतायचा. मग त्याच पावडरीवर पुन्हा गरम पाणी घालायचा आणि जे फिकट उतरेल ते दुधात मिसळून स्वतः घ्यायचा. पुढे पुडे मिळू लागले, पण तोवर त्याच्या जिभेला तेच गोड लागू लागलं होतं. स्टीलचे खोल पेले, त्यात कोण डोकावतं! पेला रिकामा झाला की तो नखाने त्यावर दोनदा टकटक करायचा. म्हणजे जमली. अशी एकतीस वर्षं गेली.

मागच्या हिवाळ्यात जालमसिंगला लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, आणि अनुसयाबाई समजायचं ते समजली. तिची एकच इच्छा उरली. आपल्या हातची कॉफी त्याने एकदा तरी पूर्ण प्यावी आणि पेल्यावर टकटक करावं.

पहिल्या दिवशी तिने पावडर माझ्यात अंगठ्याने दाबून दाबून बसवली. वर्षाची चटणी बरणीत भरताना ती असंच ठासून भरते, म्हणजे हवा राहत नाही. माझा जीव गुदमरला. तासभर एक थेंब पडला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोकळं सोडलं, कॉफी उतरली. जालमसिंगने चमचाभर घेतली आणि ओठ मिटले.

तिची लेक काजल सुरतेला असते. ती फोनवर म्हणाली, "माय, पावडर वाढाव. आबाले कडकच लागस." सगळ्या घराचा तोच समज. दोनाचे तीन चमचे झाले, तिनाचे चार. मी डांबरासारखा काळा उतारा देत होतो आणि तो दोन घोटांत तोंड फिरवत होता. "काय चुकी ऱ्हायनं, सांगा ना," ती त्याचा हात धरून रडायची. त्याचेही डोळे भरायचे. मला बोलता येत नाही याचं इतकं वाईट मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

एका बुधवारी सकाळी पावडर संपली. शेवटच्या चमच्यांची कॉफीसुद्धा त्याने नाकारली. काजल रविवारी नवा पुडा आणणार होती. दुपारी त्याने डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. ती ओशाळली. घरात काहीच नव्हतं, म्हणून तिने सकाळच्याच चोथ्यावर गरम पाणी ओतलं. फिकट उतरलं, ते दुधात घालून तिने त्याच्या ओठाला लावलं.

तो प्यायला. सगळी प्यायला. मग डाव्या हाताच्या नखाने पेल्यावर त्याने टक केलं, थांबला, आणि पुन्हा टक केलं.

तिने पेल्याच्या तळाशी उरलेले थेंब जिभेवर घेतले. झाकण उघडून तिने माझ्यातल्या चोथ्याकडे पाहिलं आणि नंतर त्याच्याकडे. मग म्हणाली, "इतला वरीस मन्हा कपमा पयलं आनि तुमना कपमा दुसरं? आनि मी येडी, इचारं बी नही." तो एका बाजूच्या ओठाने हसला.

शुक्रवारी तो गेला. रविवारी काजल पुडा घेऊन आली तेव्हा अंगणात माणसं बसलेली होती.

तेरावं झाल्यावर अनुसयाबाईने तो पुडा फोडला. दोन चमचे टाकले, चकती नुसती टेकवली. पहिला उतारा तिने त्याच्या पेल्यात ओतला आणि पेला त्याच्या रिकाम्या खाटेपाशी ठेवला. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून दुसरा उतारा स्वतः घेतला. तिला तो आवडला नाही, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. तरी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्याली आणि नखाने पेल्यावर दोनदा टकटक केलं. आता ती रोज असंच करते.

मित्रांनो, मला चिंच-मीठ लावून घासा असं मी म्हणणार नाही. पण तुम्हाला जो रोज पेला भरून देतो, त्याच्या पेल्यातला एक घोट कधीतरी मागून घ्या. तो माणूस समोर बसलेला आहे तोवर मागा.