आधी तुळसाच्या गालावर

मिठबावच्या परबांच्या घरात तेव्हा तीन बायका होत्या आणि तिघींच्या तोंडांची तीन रडगाणी होती. सासू यमुनाबाई, त्यांची कातडी वयानं आणि खाऱ्या वाऱ्यानं इतकी सुकली होती की हसल्या तरी गाल तडकायचे. सून सुगंधा, तिच्या दोन्ही गालांवर पोरं झाल्यापासून वांग उठला होता आणि तो जायचं नाव घेत नव्हता. आणि धाकटी नणंद तुळसा, ऐन लग्नाच्या वयाची, तर कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती मुरमं.

दुपारची भांडी आवरली की सुगंधा मागच्या पडवीत सहाण घेऊन बसायची. सासूच्या गालांना ती भिरंडेल चोळायची. पण तेच कोकमाच्या बियांचं तेल तुळसाच्या तोंडाला लागलं तर मुरमं दुप्पट व्हायची. तुळसाला चंदन आणि कडुनिंबाचा पाला वाटून लावायचा. तो लेप सासूला लावला तर त्यांची कातडी पापडासारखी ताठ. स्वतःसाठी जायफळ दुधात उगाळायचं. त्यानं डाग किंचित फिके व्हायचे, पण डोळ्यांखालच्या सुरकुत्या अधिकच उठून दिसायच्या. एकीचं औषध ते दुसरीचं वैर, असा तो कारभार. तरी सुगंधानं तो नीट सांभाळला होता. ही सगळी विद्या तिला यमुनाबाईंनीच दिलेली. हळदीचं, चण्याच्या पिठाचं त्यांचं उटणं तर अख्ख्या वाडीत नावाजलेलं.

सुगंधाचा नवरा गुरुदास परदेशी बोटीवर खलाशी होता. तो गेला तेव्हा तिच्या गालांवर डाग नव्हते. शिमग्यानंतर तो येणार असा निरोप आला आणि सुगंधाला आरसा काही सुचू देईना. त्याच सुमारास शेजारची शेवंती मुंबईहून आली. तिनं पदराआडून एक काचेची बाटली काढली. आत पांढरं मलम, वर नाव ना गाव.

"माझ्या जावेचो वांग ह्याच्यान गेलो," शेवंती म्हणाली. "पण आधी थोडा लावन बघ हां. कोणाकोणाक सोसत नाय, भाजता."

सुगंधानं बाटली तांदळाच्या मडक्याआड ठेवली. रोज काढायची, वास घ्यायची आणि परत ठेवायची. लावायचा धीर होईना. गुरुदास यायच्या तोंडावर गाल भाजला तर?

तेवढ्यात तुळसाला बघायला कुणकेश्वरची माणसं येणार असं ठरलं. तुळसा कावरीबावरी झाली. सांजवात करून सुगंधा आत आली तर ही चुलीपुढे रडत बसलेली.

"वयनी, कायतरी कर गो. माझा ह्यां तोंड बघून ती माणसां उंबऱ्यावरनंच परत जातली."

सुगंधाचा हात मडक्याआड गेला. "थांब," ती म्हणाली, "माझ्याकडे मुंबयचा मलम आसा. मुरमांवरचा."

मुरमांवरचा! शब्द तोंडातून गेला आणि तिला स्वतःलाच तो ऐकू आला. पण हात थांबला नाही. तिनं बोटभर मलम घेऊन तुळसाच्या डाव्या गालावर चोळलं. एकाच गालावर. उजव्यावर का नाही, असं तुळसानं विचारलंसुद्धा नाही. उलट वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, "तुझे उपकार कधी फेडू गो?"

सकाळी तुळसाचा गाल लाल होऊन सुजला होता. दुपारपर्यंत त्यावर फोड आले. यमुनाबाई घाबरल्या आणि तिघी बैलगाडीनं देवगडला डॉक्टरांकडे गेल्या.

"तोंडाला काय लावलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

तुळसाला ताप चढला होता, ती ग्लानीत होती. यमुनाबाई सुनेकडे बघायला लागल्या. सुगंधाच्या तोंडून निघालं, "घरचं उटणं लावलं होतं. हळद, चण्याचं पीठ आणि लिंबू."

"हे असलं काहीबाही लावता आणि मग आमच्याकडे धावता," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वरून लावायला औषध दिलं.

यमुनाबाई घरी आल्या आणि उटण्याचा डबा उचलून त्यांनी माडाच्या आळ्यात उपडा केला.

"माझ्या उटण्यान माझ्याच चेडवाचा तोंड जळला," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून यमुनाबाईंनी तुळसाला हात लावणं सोडलं. पाणी द्यायचं झालं तरी भांडं बाजूला ठेवायच्या. त्यांचं जेवणही कमी झालं. उटण्याचं नाव त्या तुळसापुढे काढत नव्हत्या आणि देवगडला काय सांगितलं ते तापातल्या तुळसाला कळलंच नव्हतं. सुगंधा मात्र लेकीसारखी तुळसाची सेवा करत होती, कापूस बुडवून गाल पुसत होती, पेज भरवत होती. शेजारपाजारच्या बाया म्हणायच्या, भावजय असावी तर अशी. ते ऐकलं की सुगंधा काहीतरी निमित्त काढून आत जायची. आणि डॉक्टरांचं औषध चालूनही गाल सुधारत नव्हता.

एका सकाळी ती पडवीत गेली तर यमुनाबाई सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या. निवडत नव्हत्या, नुसत्या बोटांनी चाळवत होत्या. गालांना कित्येक दिवसांत तेल नव्हतं. ओठांच्या कडेला कातडी फाटून रक्त सुकलेलं.

"आये, गालाक तेल लावतंय, येवा," सुगंधा म्हणाली.

"नको गो. माका आता कसलाच लावायचा नाय."

सुगंधाला राहवेना. तिनं तुळसाला हाताला धरून पडवीत आणलं, बाटली आणून दोघींच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. शेवंतीनं काय बजावलं होतं तेही.

यमुनाबाईंनी आधी एक लांब श्वास सोडला. छातीवरचा धोंडा उतरावा तसा. मग त्यांचे डोळे पेटले. "आणि डॉक्टराकडे माझा उटणा सांगलंस? त्यानं औषध दिल्यान ता खोट्यावर दिल्यान?"

तुळसा मात्र ओरडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुझ्या गालार कित्याक नाय लावलंस आधी?"

खोटं सांगायला आता जागा नव्हती. "माका भय वाटला," सुगंधा म्हणाली. "तुझ्यार लावन बघलंय."

तुळसा उठून आत गेली.

यमुनाबाई बाटली घेऊन सुनेसह परत देवगडला गेल्या. डॉक्टरांनी मलम हुंगून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या, औषध बदललं आणि सुगंधाला असं काही सुनावलं की ती मान वर करू शकली नाही. नव्या औषधानं गाल सुकला, खपली पडली. पण खाली डाग राहिला, काळपट, चिंचोक्याएवढा. मधल्या काळात तुळसा धामापूरला मावशीकडे जाऊन राहिली. परत आल्यावर ती बोलायची, कामही करायची, पण 'वयनी' ही हाक तिच्या तोंडातून नाहीशी झाली होती.

कुणकेश्वरच्या माणसांचं येणं लांबणीवर पडलं होतं, ती अखेर आली. मुलाची आई हौसाबाई चष्मा सारखा करून तुळसाच्या गालाकडे बघत राहिल्या. "ह्यो डाग कसलो गो?"

यमुनाबाईंनी काहीतरी सारवासारव करायला तोंड उघडलं. पण पोह्यांचं ताट हातात घेऊन उभी असलेली सुगंधाच बोलली.

"तो माझ्या हातचो. नको ता मलम मिया लावलंय. चेडवात कसली खोट नाय."

हौसाबाई तेव्हा हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. महिनाभर वाडीत बऱ्याच कुजबुजी झाल्या. मग होकार आला.

गुरुदास आला. आईनं त्याला सगळं सांगितलं. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो पहिले दोन दिवस बायकोशी धड बोललाही नाही. तिच्या गालांवरचा वांग तसाच होता. जायफळ उगाळायचं तिनं केव्हाच सोडलं होतं.

हळदीच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. आईनं लावली, मावशीनं लावली, मग भावजयीची पाळी आली. सुगंधानं वाटीत बोटं बुडवली आणि तिचा हात हवेतच थबकला. सगळ्या बघत होत्या. तुळसानं मान वर केली.

"गालाक नको, वयनी," ती हळू आवाजात म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "हयसर लाव."

सुगंधा तिच्यासमोर बसली आणि मनगटापासून कोपरापर्यंत हळद लावत राहिली. मागून कुणीतरी म्हणालं, "आटप गो, अजून आमी उरलंव." तिला ते ऐकूच गेलं नाही.