चाकावरचा लाल ठिपका

माझी नोकरी लिफ्ट, क्रेन आणि रोपवे तपासण्याची आणि छंद जेवण्याचा. सोमवार ते शुक्रवार यंत्रांना कान लावायचा, आणि शनिवारी दुपारी खांद्याला पिशवी अडकवून, कुणीतरी कधीतरी तारीफ केलेल्या स्वयंपाकघराच्या दिशेने निघायचं. एकदा एका माशाच्या कालवणासाठी मी दोन बोटी, एक ट्रक आणि शेवटी एका न्हाव्याच्या सायकलचा दांडा असा प्रवास केला. न्हाव्याने वाटेत माझी दाढीही करून दिली, सायकल न थांबवता. खोटं वाटत असेल तर हनुवटीवरचा व्रण दाखवतो.

या सगळ्याची नोंद माझ्या एका तपकिरी वहीत असे. तारीख, कसा पोचलो, काय खाल्लं आणि कितीदा वाढून घेतलं. वही ऑफिसात हातोहात फिरायची. टायपिस्टबाई डब्यातली कोरडी भाजी खाताना ती समोर उघडून ठेवत, म्हणजे घास खाली उतरतो म्हणे. फक्त आमचे साहेब तिच्याकडे ढुंकून पाहत नसत. "तपासनीस, हीच अक्कल अहवालात दिसू द्या," एवढंच म्हणत.

आता आमच्या कामातला एक नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच लटकलेलं आहे. रोपवेची ट्रॉली जाड तारेच्या दोरावर चार चाकांनी धावते. वर्षातून एकदा तपासनीसाने ट्रॉली जॅकवर उचलून, छतावर चढून, चारही चाकं हाताने पूर्ण एक वळसा फिरवायची. कान लावून ऐकायचं. मग प्रत्येक चाकावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. ठिपका म्हणजे, या चाकाला माझा हात लागलाय. त्यानंतर दाखल्यावर सही, आणि दाखला काचेत घालून ट्रॉलीच्या भिंतीवर.

त्या डोंगरावरच्या रोपवेची तपासणी माझ्याकडे होती. वरच्या स्टेशनाला लागून एका मावशीची खानावळ. कांदा-बटाट्याचा दाट रस्सा, जाड कवचाचा पाव आणि त्यावर ताजं लोणी, एवढंच तिथे मिळायचं. पण वास असा, की ढग खिडकीपाशी येऊन थांबत आणि मावशी त्यांना झाडूने हाकलत असे. मी जॅक लावला, रंगाची डबी उघडली आणि तेवढ्यात तिने पातेल्यावरचं झाकण काढलं.

मी ऑपरेटरच्या हातात डबी आणि ब्रश दिला. म्हटलं, "वर चढ, चाकं बघ, ठिपके दे. मी आलोच."

माझं 'आलोच' चार ताटं चाललं. दाखल्यावर सही मी तिथेच टेबलाच्या कोपऱ्यावर केली. संध्याकाळी वहीत सगळं लिहिलं, तारखेसकट.

आठ महिन्यांनी, एका रविवारी, बायको हटून बसली. "इतकी वर्षं त्या रश्श्याचं नाव ऐकतेय. माझ्या हातच्या रश्श्याला कधी 'बरा आहे'च्या पुढचा शब्द नाही. बघू तरी कोण ही मावशी!" निघालो. खालच्या स्टेशनावर पोचलो तर टोपी डोळ्यांवर ओढून, बगलेत थर्मास धरून कोण उभं असावं? साहेब!

"हवा बदलायला आलोय," साहेब म्हणाले.

हवेचं ठीक होतं. पण त्यांच्या पिशवीतून तपकिरी पुठ्ठा डोकावत होता. माझी वही पंधरा दिवसांपासून सापडत नव्हती.

चौथी उतारू म्हणजे खुद्द मावशी. पावाची पोती, बटाटे, लोण्याचा डबा आणि खानावळीसाठी नव्या वाट्या, चमचे नि एक लोखंडी डाव घेऊन आठवड्याचा बाजार करून परत चालली होती. तिने मला बघताच ओळखलं. "अगंबाई, चार ताटंवाले!"

ट्रॉलीत चढलो. साहेब समोरच्या बाकावर बसले, आणि नेमकी त्यांच्या नजरेसमोर भिंतीवर काचेत माझी सही. मी चपळाईने त्या काचेला पाठ लावून उभा राहिलो. ट्रॉली हलली.

"बसा की," बायको म्हणाली.

"बरा आहे."

"घरी पाटावरून उठवायला दोन माणसं लागतात, आणि इथे उभं राहायची हौस!"

साहेबांनी आता लाज सोडून वही बाहेर काढली होती. "मावशी, तुमच्याबद्दल यांनी काय लिहिलंय ऐका. 'रस्सा असा, की चमचा उभा राहावा आणि माणूस आडवा व्हावा.' वा! 'चार ताटं. खाली यायला शेवटची ट्रॉली मिळाली.' कधीची ही मजा?" त्यांनी बोट पानाच्या वरच्या कोपऱ्याकडे नेलं. "चौदा तारीख..."

तीच तारीख माझ्या पाठीमागे, काचेआड, ठळक अक्षरांत होती. पाठीला घाम सुटला आणि शर्ट काचेला चिकटला.

तेवढ्यात डोक्यावर एक आवाज आला. बारीक, लांबलेला, पाटीवर नख ओढल्यासारखा. बाकीच्यांना तो वाऱ्याचा वाटला असेल. मी बावीस वर्षं असले आवाज ऐकून पगार घेत होतो. एक चाक फिरायचं थांबलं होतं, आणि नुसतं घासत, दोरावरून ओढलं जात होतं.

ट्रॉलीने आचका दिला. थांबली. पुन्हा आचका, या वेळी जरा तिरका. लोण्याचा डबा बाकावरून घरंगळला, तो मावशीने पायाने अडवला. मग सगळं शांत. खाली दरी, इतकी खोल की तिच्यात घिरट्या घालणारी घार मला वरून दिसत होती, पाठीकडून.

भिंतीवरचा फोन खणखणला. फोन दाखल्याच्या शेजारीच होता, त्यामुळे मला जागचं हलावं लागलं नाही. खालून ऑपरेटर बोलत होता, आणि त्या फोनचा आवाज असा की चौघांनाही ऐकू जावा.

"घाबरू नका. मोटर दोनदा बंद पडली. आता पुरा जोर लावतो, जाईल सरळ वर."

"लावू नकोस!" मी ओरडलो. "चाक अडकलंय. ओढलंस तर दोरावरून उडेल."

"कोण, तपासनीससाहेब का? अहो, चाक कसं अडकेल? दाखला आहे ना. दाखला चालू असेल तर तीनदा जोर लावायचा, असा लेखी नियम आहे माझ्याकडे. दोनदा लावला, एक राहिला. नाही लावला तर माझी नोकरी जाईल."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही तोंडी सांगताय साहेब, आणि लेखीही तुम्हीच दिलंय, चाकं ठीक म्हणून. दोन्हींतलं खरं कोणतं धरू? मोटर गार व्हायला दोन मिनिटं लागतात. मग लावतो."

दोन मिनिटं. तिसरा आचका त्या तिरक्या चाकाला सोसणार नव्हता, हे मला जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं आयुष्यात दुसरं काही दिसलेलं नाही. ऑपरेटरला थांबवायला एकच वाक्य पुरलं असतं. पण समोर साहेब होते. बाजूला बायको होती, जी माहेरी माझ्या चोख कामाच्या शपथा खात असे. बावीस वर्षांची नोकरी त्या एका वाक्यात जाणार होती.

खरं सांगतो, मी आधी दुसरी वाक्यं शोधली. ऑपरेटरवर ढकलता येईल का? वाऱ्यावर? मावशीच्या बटाट्यांच्या वजनावर?

"अहो," बायको हळूच म्हणाली, "तुमचा चेहरा असा का झालाय? खरंच पडणार आहोत का आपण?"

मी फोन तोंडाजवळ धरला. "ऐक. दाखला खोटा आहे. मी चाकं हाताने फिरवून पाहिली नव्हती. मी जेवत होतो. दाखला मी आत्ता, या क्षणी रद्द करतोय. जोर लावायचा नाही."

फोनमधून खटका पाडल्याचा आवाज आला. मग ऑपरेटर म्हणाला, "बंद केली मोटर."

मी काचेपासून बाजूला झालो. लपवायला आता काही उरलं नव्हतं. साहेबांनी काचेतली तारीख पाहिली, वहीतली पाहिली, वही मिटली आणि पिशवीत ठेवली. म्हणाले, "छतावर जायची वाट कुठे आहे?"

वाट म्हणजे माथ्यावरची एक झडप. मी बाकावर चढलो, झडप उघडली, डोकं बाहेर काढलं, खांदे काढले आणि पोटापाशी अडकलो. अर्धा आत, अर्धा आभाळात.

"ढकला!" खालून बायकोचा आवाज. साहेबांनी माझा एक पाय धरला, तिने दुसरा. "इतक्या वर्षांचा प्रवास सगळा इथेच साठलाय हो यांचा!" शेवटी मावशीने डब्यातलं लोणी काढून माझ्या दोन्ही कुशींना फासलं, तेव्हा बूच उडावं तसा मी वर आलो. वाऱ्यात तसाच लांब गेलो असतो, पण सदऱ्याचं टोक बायकोने दातांत धरून ठेवलं होतं.

वर पोटावर सरपटत चाकांपाशी गेलो. तीन चाकं ठीक होती. चौथं दोरावर वाकडं बसलेलं, कडेवरून निम्मं बाहेर आलेलं. दोराची एक तार तुटून मिशीसारखी उभी राहिली होती. आणि त्या चाकाच्या मधोमध, ग्रीस भरायच्या भोकावर, सुबक गोल लाल ठिपका.

ऑपरेटरची चूक तरी काय? ठिपका दे म्हटलं, त्याला गोल जागा दिसली, त्याने तिथे दिला. रंग आत जाऊन वाळला, भोक बुजलं. आठ महिने तो दर आठवड्याला इमानेइतबारे ग्रीस भरत होता आणि ग्रीस बाहेरच्या बाहेर ओघळत होतं. चाक एकदा हाताने फिरवलं असतं, पुसून पाहिलं असतं, तर मला तेव्हाच दिसलं असतं.

"आकडा दे केसांतला!" मी झडपेतून हात खाली घातला. बायकोने आकडा दिला. रंगाचा तो खडा मी कोरून काढला. पण आत ठणठणीत कोरडं.

"ग्रीस हवं."

"ते कुठून आणू?" साहेब म्हणाले.

"लोणी आहे," मावशी म्हणाली. मग जरा थांबून, "पण थंडीने घट्ट झालंय. भोकात कसं जाईल?"

सगळ्यांनी साहेबांच्या थर्मासकडे पाहिलं. साहेबांनी तो छातीशी धरला. त्यांचा चहा ऑफिसात कधी कुणी चाखला नव्हता. मग त्यांनी झाकण काढलं, डोळे मिटले आणि थर्मास पुढे केला. मावशीने कढत चहा एका वाटीत ओतला, त्यात दुसरी लहान वाटी धरून लोणी पातळ केलं, बायकोने वाटी वर दिली, आणि मी चमच्याने थेंब थेंब त्या भोकात सोडू लागलो. वारा असा होता की पहिले तीन चमचे दरीला गेले. घारीने ते घेतले असावेत. पुढे ती उडताना आवाज करत नव्हती.

वाटी संपली. मावशीच्या लोखंडी डावाने मी चाकाला कडेने हलके हलके ठोके दिले. एक. दोन. सातव्या ठोक्याला ते सरकलं आणि दोरावर सरळ बसलं.

"खाली घे," मी फोनवर सांगायला लावलं. "वर नाही. खाली, आणि मुंगीच्या चालीने."

ट्रॉली हलली. मी छतावरच पालथा पडून राहिलो, हात चाकाच्या बाजूला, कान त्याच्याकडे. त्या चाकाचा प्रत्येक वळसा मी मोजला. दोनशे अकरा. आठ महिन्यांपूर्वी एकच पुरला असता. खाली पोचेतो चाक तापून त्याला भाजक्या पावावरच्या लोण्याचा असा वास सुटला, की स्टेशनावरची दोन कुत्री आणि तिकीटखिडकीतला माणूस हातात थाळी घेऊन उभे होते.

उतरल्यावर साहेबांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. मी काचेतला दाखला काढला, माझ्याच सहीवर आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'दोर आणि चाक बदलेपर्यंत बंद.'

"सहीचा अधिकार वर्षभर तुमच्याकडे नाही," साहेब म्हणाले. "चाकं फिरवायची तुम्ही. सही दुसरा करील, तुम्हाला फिरवताना डोळ्यांनी पाहून. नोकरीचं काय ते उद्या चौकशीत ठरेल."

"बरं साहेब."

"आणि आता ही पोती वर कशी जाणार?" मावशीने विचारलं.

मी एक पोतं उचललं. साहेबांनी बटाट्यांचं अर्धं घेतलं, बायकोने उरलेलं. पायवाटेने साडेतीन तास लागले. दुसऱ्या वळणावर साहेब धापा टाकत म्हणाले, "चमचा खरंच उभा राहतो का?"

राहतो. तो आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी उभा राहिलेला पाहिला. बायकोने दोनदा वाढून घेतलं आणि मावशीला कांदा किती वेळ परतायचा ते विचारलं. मावशीने डब्याच्या तळाला उरलेलं लोणी खरवडून साहेबांच्या पावावर लावलं, बायकोच्या पावावर लावलं. मी माझा पाव पुढे केला.

"तुमचं लोणी वर गेलं की हो," मावशी म्हणाली आणि डबा पालथा करून ठेवला.

चौकशीत माझी नोकरी वाचली, बढती गेली. रोपवे पुढल्या वर्षी सुरू झाला. मी मात्र अजूनही तिथे पायवाटेने जातो, आणि मावशी अजूनही मला कोरडाच पाव देते. घरी मी कशालाही 'ठीक आहे' म्हटलं की बायको हातातलं काम थांबवून विचारते, "फिरवून पाहिलंत?"