तारा नसलेला विषय

ताईनं गुणपत्रिका टेबलावरून पुढे सरकवली, पण तिच्यावरचा अंगठा काही उचलला नाही. समोर बसलेल्या कॉलेजच्या कचेरीतल्या मॅडमनी कागद ओढला, तो येईना. त्यांनी चष्म्यावरून एकदा अंगठ्याकडे पाहिलं आणि एकदा ताईकडे.

“सोडलात तर बघता येईल,” त्या म्हणाल्या.

ताई ओशाळली. अंगठ्याखाली एकच शब्द होता, ‘अनुत्तीर्ण’. लग्नानंतर तो कागद कपाटाच्या तळाशी गेला तो गेलाच. घरातल्या कुणी विचारला नाही आणि तिनं कुणाला दाखवला नाही. आता मात्र तो काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

ताई म्हणजे इस्पितळाच्या तपासणी प्रयोगशाळेतली ताई. रक्त तपासणारे, नळ्या धुणारे, अहवाल टाइप करणारे, सगळे तिला ताईच म्हणत, डॉक्टरही म्हणत. जुने प्रमुख निवृत्त झाल्यापासून खुर्ची तिच्याकडे होती, पण पाटीवर अजून ‘प्रभारी’ लिहिलेलं होतं. आता नवा नियम आला होता. प्रमुखाला पदवी हवी म्हणजे हवीच. व्यवस्थापनानं तिला पुढच्या वर्षाअखेरपर्यंत मुदत दिली, आणि तीही उपकार केल्यासारखी. ताईची पदवीची दोन वर्षं झालेली होती, दुसऱ्या शहरात, फार पूर्वी. ती दोन वर्षं इथल्या कॉलेजनं धरली, तर तिसरं करून मुदतीत पदवी हातात. नाही धरली, तर ज्याला तिनं सुई धरायला शिकवलं होतं, त्याच्याच हाताखाली तिला काम करावं लागणार होतं. पोरगा भला होता. त्यानं तिला उठून नमस्कारही केला असता, आणि तेच तिला नको होतं.

आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम झाली होती. नवरा अधिकारी झाला होता. नाकावर तिचाच चष्मा, हातात तीच गुणपत्रिका.

“काय हो, हे रसायनात नापास कसं काय?” त्यानं आवाज जाड करून विचारलं.

“वडील परीक्षेच्या तोंडावर गेले, सर.”

“मग बाकीच्या तीन विषयांत कशा काय पास झालात?”

ताईनं कागदावर बोट ठेवलं. त्या तीन विषयांपुढे छोटे छोटे तारे छापलेले होते. तळटीप होती: कृपागुणांसह उत्तीर्ण.

“तारे छान दिसतात पण,” नवरा चष्मा काढत म्हणाला. “तीन तारे. हॉटेलाला असतात तसे.”

“गप बसा हो. त्यांनी दया केली. चौथ्यानं केली नाही, एवढंच.”

चौथा म्हणजे रसायनाचे सर. मुलं त्यांना ‘थेंब’ म्हणत. ब्युरेटच्या नळीतून एक थेंब जास्त पडला आणि चंचुपात्रातला रंग गडद झाला, की ते काही न बोलता पात्र मोरीत रिकामं करत आणि प्रयोग पहिल्यापासून करायला लावत. त्या वर्षी वडील गेले, ताई परीक्षेला बसली खरी, पण डोकं जागेवर नव्हतं. बाकीच्या तिघांनी घरची परिस्थिती ऐकून वाढीव गुण दिले आणि सोडवलं. थेंब सरांनी नापास केलं. ती त्यांच्या खोलीबाहेर जिन्यात बसून रडली, तेव्हा ते बाहेर आले, पाण्याचा पेला शेजारी ठेवला आणि म्हणाले, “पुढच्या वेळी परत बस. तोवर मी शिकवतो.” बस्स, एवढंच. आणि खरोखर शिकवलं. ती परत बसली आणि चांगल्या गुणांनी सुटली. पण त्या भानगडीत तिसऱ्या वर्षाचा प्रवेश हुकला, घरात लग्नाचं चाललेलंच होतं, ते ठरलं, आणि तिसरं वर्ष राहिलं ते राहिलंच. थेंबाचं नाव निघालं की ताई आजही बोटं मोडायची.

मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी जुन्या कॉलेजचा अभ्यासक्रम डावीकडे ठेवला, इथला उजवीकडे, आणि पट्टी घेऊन एकेक ओळ खाली सरकवायला लागल्या. मधूनच शिंकत होत्या. जुन्या काळी क्रेडिट नव्हती, तेव्हा किती तास शिकवलं, किती तास प्रयोग केले, त्यावरून त्या क्रेडिट बसवत होत्या. ताईला वाटलं, आपल्या तरुणपणाचं कुणीतरी माप घेतंय. तिनं ठरवलं, त्यांनी विचारायच्या आत आपणच बोलून टाकावं.

“मॅडम, ते रसायनाचं जरा सांगायचं होतं. मी हुशारच होते, पण तेव्हा घरी...”

“थांबा जरा. ओळ चुकेल.”

ताई थांबली. पट्टी पहिलं वर्ष ओलांडून दुसऱ्या वर्षात आली. मॅडमनी तीन ठिकाणी पेन्सिलीनं फुल्या मारल्या. चौथी फुली आता कुठे पडणार हे ताईला दिसतच होतं.

“पहिलं वर्ष सगळं धरता येईल,” मॅडम रुमालानं नाक पुसत म्हणाल्या. “भाषा ऐच्छिकमध्ये टाकते. दुसऱ्यातले हे तीन मात्र धरता येणार नाहीत.”

“कुठले तीन?”

“तारेवाले. कृपागुणांचे.”

ताईला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं.

“पण त्यांत तर मी पास आहे.”

“त्या कॉलेजपुरत्या आहात. माफी त्यांची होती, ती आम्हाला लागू नाही. नियमच आहे तसा, कृपागुणांचा विषय दुसरीकडे नेता येत नाही.” त्या जरा मवाळ झाल्या. “वाईट वाटून घेऊ नका. हे तीन विषय तिसऱ्या वर्षाबरोबर संध्याकाळच्या वर्गात उरकता येतात. बरेच जण करतात.”

“आणि रसायन?”

“रसायनाचं काय?”

“त्यात मी नापास होते.”

“खाली परत दिलंय ना. चांगलेच गुण आहेत, तारा नाही.” मॅडमनी त्या ओळीवर पट्टी ठेवली. “अहो, हा विषय आहे म्हणून तर तुम्हाला तिसऱ्या वर्षाला घेता येतंय. बाकीचे मागे राहिले तरी चालतात, रसायन चालत नाही. यालाही तारा असता, तर तुम्हाला दुसऱ्या वर्षाला बसवावं लागलं असतं. मग दोन वर्षं गेली असती.”

मॅडमनी शिक्का मारला, सही केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली, तरी ताई बसूनच होती. शेवटी मॅडमनीच विचारलं, “पाणी हवंय का?”

“नको,” ताई म्हणाली आणि उठली. दाराशी जाऊन परत आली. “मॅडम, थँक्यू.”

“मी काही केलं नाही. तुमचंच आहे.”

बाहेरच्या बाकावर बसून ताईनं आधी नवऱ्याला फोन केला. तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला म्हटल्यावर तो म्हणाला, दोन महिने भांडी माझ्याकडे. दुसरा फोन तिनं जुन्या वर्गमैत्रिणीला केला आणि थेंब सरांचा नंबर मागितला. मैत्रीण हसली. “आता जाऊन भांडणार आहेस का त्यांच्याशी? म्हातारे झालेत गं, ऐकूही येत नाही.”

ताईनं नंबर लिहून घेतला आणि लावला. जे नुकसान तेव्हा झालं ते झालंच होतं, ते काही भरून येणार नव्हतं. पण इतकी वर्षं त्या माणसाला शिव्या घालत ती रोज सकाळी त्यानंच शिकवल्याप्रमाणे वाकून, डोळा नळीच्या पातळीला आणून मोजत आली होती, आणि हाताखालच्यांना तसंच मोजायला लावत आली होती. हे तिला आत्ता, त्या बाकावर कळत होतं. तिला रडू येत होतं आणि फार बरंही वाटत होतं.

फोन सरांच्या सुनेनं घेतला. “देते त्यांना. पण मोठ्यानं बोला हं.”

“कोण?” पलीकडून जुनाच आवाज आला, फक्त पातळ झालेला.

“सर, मी तुमची विद्यार्थिनी. तुम्ही मला नापास केलं होतं.”

ताईला वाटलं, फोन कटला.

“जिन्यात बसली होतीस ती का?” सरांनी विचारलं.

“हो, सर.”

“वडील गेले होते तुझे.”

“हो.”

“बाकीच्या सगळ्यांनी सोडलं तुला. मीच तेवढा...” ते थांबले. “आमची ही जाईपर्यंत मला बोलत होती त्यावरून. म्हणायची, दगड आहात तुम्ही. तुझं पुढचं वर्ष राहिलं असं कळलं मला नंतर. पुष्कळदा मनात आलं, तुला गाठून सांगावं. चुकलंच माझं, पोरी.”

“नाही हो सर. तेच सांगायला फोन केलाय. मला इथल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला घेतलंय. तुमच्या विषयामुळे.”

“काय म्हणतेस?”

“तुमचा विषय धरला, सर.”

“ऐकू येत नाही.”

ताई उभी राहिली. बाकावरची दोन मुलं वह्यांतून मान वर करून बघायला लागली. कचेरीतल्या मॅडमचीही मान वर झाली. ताईनं कुणाकडे पाहिलं नाही.

“दयेचे सगळे विषय बाद झाले, सर. एकटा तुमचा टिकला. त्याच्यावर मला पदवी मिळणार आहे. थँक्यू म्हणायला फोन केलाय मी.”

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, कुणीतरी कुणालातरी ‘सांभाळून’ म्हणालं. ताई फोन कानाला घट्ट धरून उभी होती. थोड्या वेळानं सून बोलली.

“अहो, काय सांगितलंत त्यांना? डोळे पुसताहेत आणि पुस्तकांचं कपाट उघडून बसलेत. बाद झालेले विषय कुठले ते विचार म्हणताहेत.”

ताईनं तिन्ही विषय सांगितले. सून एकेक नाव तिकडे ओरडून सांगत होती. तिसरं नाव ऐकल्यावर आतून आवाज आला, “त्यात ती तेव्हाही कच्चीच होती. रविवारी फोन कर म्हणावं. वही घेऊन बस.”