विणलेल्या कव्हराखालचा लाल दिवा

मी एक जुना डिफिब्रिलेटर आहे. नावाला घाबरू नका मित्रांनो, हॉस्पिटलात सगळे मला 'शॉक मशीन'च म्हणतात. माणसाचं हृदय कधी कधी ठोके द्यायचं सोडून नुसतं थरथरत बसतं. तेव्हा मी त्याला एक सणसणीत झटका देतो आणि ते वळणावर येतं. माणसाच्या भल्यासाठी त्याला दणका देण्याचा अधिकार पूर्वी शिक्षकांनाही होता. आता फक्त मलाच उरलाय.

परदेशातल्या एका कारखान्यातून थर्माकोलमध्ये गुरफटून मी नायगावला आलो, खाडीजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात. मालक डॉक्टर भूपेश यांनी माझ्यासमोर नारळ फोडला. आल्बिना सिस्टरनं फादरना बोलावून माझ्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. 'पाण्यापासून दूर ठेवा' हे माझ्या पाठीवर ठळक लिहिलेलं होतं. ते दोन्हीकडच्यांनी वाचलं नाही.

पुढे मी खूप राबलो. लग्नाच्या बँडमधला एक ट्रम्पेटवाला तर मी ओढून परत आणला. बरा झाल्यावर तो माझ्यासमोर उभा राहून ट्रम्पेट वाजवणार होता, पण आयसीयूतल्या बाकीच्या पेशंटांनी हात जोडले.

माझं असं कौतुक झालं, की आल्बिनानं माझ्यासाठी क्रोशाचं कव्हर विणलं. पांढरंशुभ्र, मधोमध गुलाब. सांडोरला तिच्या घरी टीव्हीला, फ्रिजला, मिक्सरला, सगळ्यांना अशी कव्हरं आहेत. मी लाजलोच. पण त्या गुलाबाच्या बरोबर मागे माझा छोटा दिवा होता. तो हिरवा असला की मी तयार. लाल झाला की माझी बॅटरी गेली.

एके दिवशी तो लाल झाला.

मी टुकटुक आवाज करून सांगत राहिलो. सगळ्यांना वाटलं, पाल चुकचुकतेय. पेस्ट कंट्रोलवाल्याला दोनदा बोलावलं. त्याला एक पाल सापडलीसुद्धा. बिचारी निर्दोष होती.

याच सुमारास डॉक्टर भूपेश यांनी हृदयविभागाला मानांकन मिळवायचं ठरवलं. बाहेरचे तज्ज्ञ येऊन विभाग तपासतात, सगळं नीट असेल तर प्रमाणपत्र देतात. डॉक्टरांनी तयारी म्हणून सर्वांत आधी माझ्या डोक्यावर भिंतीत खिळा ठोकला, प्रमाणपत्र टांगायला.

तपासणीला डॉक्टर हेमांगी आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलंच नाही. म्हणाल्या, "समजा, खाली पार्किंगमध्ये एकाचं हृदय बंद पडलंय. चला."

पडायचं काम वॉचमन प्लासिडला मिळालं. नाताळच्या नाटकात तो दरवर्षी मेंढपाळ असतो, मरायची संधी पहिल्यांदाच आली होती. छाती धरून तो स्कूटरींचा निरोप घेऊ लागला.

"अंकल, बेशुद्ध माणूस बोलत नाही," हेमांगी म्हणाल्या.

माझा प्लग उपटून मला कव्हरासकट खाली पळवलं. आल्बिनानं कव्हर काढलं, बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच.

प्लासिडनं एक डोळा उघडला. "सिस्टर, वाचलो काय?"

"नाही," हेमांगी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. प्लासिड उठून पॅंट झटकत कडेला बसला. मरण खोटं होतं, पण झालं होतं त्याचंच.

"मॅडम, वर प्लगला लावलं की झकास चालतं!" डॉक्टर भूपेश म्हणाले.

"मग पेशंटला प्लगजवळच पडायला सांगा."

आल्बिना कव्हर हातात धरून माझ्या लाल दिव्याकडे बघत होती. तिचा नवरा फर्डिनंड सांडोरला केळीची बाग करतो. त्याच्या हृदयाची नळी तुंबली होती आणि सोमवारी इथंच ती उघडायची होती.

"डॉक्टर, सोमवारी मी फर्डिनंडला आणत नाही."

"अगं, तू इथली सिस्टर..."

"म्हणूनच."

मानांकन लांबलं, त्याचं डॉक्टरांना वाईट वाटलं होतं. पण हा एक शब्द ऐकल्यावर त्यांनी स्वतः फोन उचलून माझ्यासाठी नवी बॅटरी मागवली.

फर्डिनंड मात्र दुसरीकडे जायला तयार नव्हता. "मुंबईला कोन जाईल? बागेला पानी तू देशील?" आल्बिना माझ्या शेजारी उभी राहून त्याला फोन करायची. "केळीचा घड उचललास? ठेव खाली! नको, वाकू नको. तसाच उभा राहा!" मित्रांनो, त्या दिवसांत मी तिथं बंद पडून होतो. ऐकण्याशिवाय मला काही करता येत नव्हतं.

नवी बॅटरी आली. आता डॉक्टर रोज सकाळी स्वतः माझा प्लग काढून मला नुसत्या बॅटरीवर चालवतात आणि माझा झटका मलाच देऊन बघतात. प्लासिड पार्किंगमध्ये मरतो, जिन्यात मरतो, एकदा कॅंटीनच्या रांगेत मेला, तर मागच्यानं त्याचा नंबर घेतला. शेवटी आल्बिनाचा विश्वास बसला आणि नळी उघडायला तिनं फर्डिनंडला इथंच आणलं.

फर्डिनंड रिक्षातून उतरला तो स्टाफसाठी केळ्यांचा घड घेऊनच. दोन पावलं चालला आणि प्लासिडच्याच जागेवर कोसळला. प्लासिड ओरडला. वर सगळ्यांना वाटलं, सराव आहे.

"हा माणूस आठवड्यातून किती वेळा मरतो?" डॉक्टर कुरकुरले, पण मला घेऊन धावले. पाय सवयीनं धावत होते. खाली आल्बिना नवऱ्याची छाती दाबत होती. डॉक्टरांनी गुडघ्यावर बसून फर्डिनंडचा शर्ट फाडला. माझा दिवा हिरवा होता.

पहिला झटका. काही नाही.

दुसरा. ते हट्टी हृदय वळणावर आलं.

बऱ्याच वेळानं फर्डिनंड पुटपुटला, "केळी?"

"त्यांच्यावर मी बसलो," प्लासिड रडत म्हणाला.

मानांकन अजून मिळालेलं नाही. हेमांगीबाई पुन्हा येणार आहेत, आणि येऊ देत. घरच्यांना गुलाब दिसतो. तो बाजूला करून बघायला बाहेरचं माणूस लागतं. खिळ्यावर सध्या आल्बिनानं ते कव्हर टांगलंय, धुऊन, इस्त्री करून. सकाळी मला तपासताना डॉक्टर एकदा तिकडे बघतात.

पण मला अजून धास्ती वाटते. माझी कितीतरी भावंडं अजून कुठल्या कुठल्या कोपऱ्यात टुकटुकत असतील आणि लोक पाल शोधत असतील. म्हणून मित्रांनो, असा कोणी दिसला तर त्याला हार घालू नका, झाकू नका. फक्त विचारा, "याचा दिवा कोणत्या रंगाचा आहे?"

विचारल्यावर कोणी रागावलं, तर समजा, लाल आहे.